पश्चिमेची भिंत आणि चंदाआक्का

चंदाआक्का कुठंही गेली, की आधी भिंत शोधायची. लग्नाचा मांडव असो, दवाखान्याची ओसरी असो, नाहीतर जुन्नरच्या कचेरीचा व्हरांडा. खुर्ची रिकामी दिसली तरी ती तिकडं वळायची नाही. भिंत गाठायची, पाठ टेकवायची, गुडघे पोटाशी घ्यायचे आणि शेजारची जमीन तळहातानं थोपटायची. "टेक इथं." आमच्या मढ गावात तिचं ज्याच्याशी काही खरं बोलणं व्हायचं, ते असं भिंतीला पाठ लावूनच. उभ्या माणसाशी ती फक्त भांडायची.

एकदा ग्रामसभेत सरपंचांनी आग्रह केला, "आक्का, वर खुर्चीवर बसा की." तिनं मान हलवली. "खुर्चीवाल्याची पाठ उघडी असती राव. पाठ उघडी असली की माणूस सारखं मागं बघतो. आन मागं बघणारा खरं बोलत न्हाई." सभा हसली. सरपंचांनी हसताना मागं वळून पाहिलं, त्यावर सभा पुन्हा हसली.

गेल्या पावसाळ्यात तिच्या घराची पश्चिमेची भिंत पडली आणि आक्का त्या भिंतीखाली गेली. हे आधीच सांगून टाकते. गोष्ट रंगावी म्हणून शेवट झाकून ठेवणं मला जमणार नाही. वस्तू झाकून ठेवल्यानं काय होतं, ते त्या घरानं मला पुरेसं दाखवलं आहे.

आमचं घर तिच्या शेजारी. माझे वडील पाण्याच्या आणि जमिनीच्या लढ्यात होते, त्यामुळे आमच्याकडं धान्याच्या पोत्यांपेक्षा पत्रकांचे गठ्ठे जास्त. ती पत्रकं गावोगाव डकवायला लागणारी खळ आक्का शिजवायची. नाचणीच्या पिठात चिमूटभर मोरचूद घालायची. किडे लागू नयेत म्हणून. वाटून उरलेली पत्रकं ती घरी न्यायची आणि पश्चिमेच्या भिंतीला आतून चिकटवायची. दगडमातीची जुनी भिंत, हाताएवढी जाड, तरी थंडीत तिच्या भेगांतून वारा शिरायचा. कागदावर कागद चढत गेले आणि वारा थांबला. आमच्या मागण्या, आमचे निषेध, मोर्चाची हाक, सगळं त्या घराची ऊब राखायच्या कामी आलं. मी अक्षरं तिथंच शिकले. जमिनीलगतच्या ओळी मला रांगताना पाठ झाल्या आणि उंची वाढत गेली तशी मी वरच्या मागण्यांपर्यंत पोचले. सगळ्यात वर, आढ्याच्या जवळ, मोठ्या ठशात एकच ओळ होती: "जाब विचारा!" ती वाचायला मला पाचवीत जावं लागलं.

आक्काला स्वतःला वाचायला वेळ लागायचा. पण जाब विचारायला तिला वाचावं लागत नव्हतं.

शाळेच्या नव्या खोलीचा स्लॅब टाकला त्या वर्षाची गोष्ट आमच्याकडं अजून सांगतात. खालचे टेकू काढायचे होते. ठेकेदार मोटारसायकलला टेकून कामगारांना हुकूम सोडत होता. आक्का आली, तिनं बरोबर स्लॅबखाली घोंगडी अंथरली, मधोमध चहाची किटली ठेवली आणि हाक मारली, "या पावणं, चहा इथंच घिऊ."

"इथं बाहेर देता का आक्का? हितं हवा हाय."

"हवा काय, रोजचीच हाय. तुमी बांधलंय ना? मंग तुमी आधी बसा. ज्यानं बांधलं त्यानं आधी खाली बसायचं. तुमचा चहा झाला की आमची पोरं बसतील."

ठेकेदार हसला. मग त्यानं वर पाहिलं. मग म्हणाला, मंचरला मार्केटात माल उतरायचाय, उशीर होतोय. आणि गेला. चहा आक्कानं कामगारांना बाहेर आणून दिला आणि टेकू काढू दिले नाहीत. ती खोली पुढं फोडून पुन्हा बांधावी लागली.

तेव्हापासून ते वाक्य गावाचं झालं. कुणी नवा झोपाळा बांधला, नवी विहीर खणली, नवीन भाजी करून पाहिली, तरी पोरं ओरडायची, "ज्यानं बांधलं त्यानं आधी!" मी पुण्याला कॉलेजात असताना ह्याच वाक्याचं पत्रक काढलं होतं. एका ओळीत सगळं सत्तेचं गणित येतं असं मला वाटायचं. अजूनही वाटतं. फक्त आता ती ओळ मला मोठ्यानं म्हणवत नाही.

आक्का मूळची आणे गावची. तिकडं पठारावर पाऊस म्हणजे पाहुणा. आला तर आला. लग्न होऊन ती ह्या टोकाला आली, जिथं माळशेज घाटाकडून निघालेला पाऊस आडवा येऊन थेट भिंतीवर आपटतो. इथली जुनी रीत अशी, की पावसाआधी पश्चिमेच्या भिंतीला बाहेरून झड बांधायची: बांबूच्या कांबींवर गवताच्या पेंढ्या, वरपासून खालपर्यंत. भिंतीनं घातलेलं इरलंच म्हणा ना. नवी नवरी असताना आक्का म्हणे खूप हसली होती. "आमच्याकडं माणसाला सदरा मिळंना, आन तुमी भितीला कापडं घालता!" पहिल्याच भाद्रपदात, घरात अंधार होतो म्हणून, तिनं ती झड कुणाला न विचारता सोडली. पुढच्या चार सरींत भिंतीचा एक कोपरा पिठासारखा ओघळला. त्यानंतर तिनं भिंतीची चेष्टा केली नाही.

झड जशी वेळेवर बांधायची, तशी वेळेवर सोडायचीही असते. बाहेरच्या माणसाला हे कळत नाही. पावसात गवतामागं भिंत थोडी भिजतेच. दसऱ्याच्या सुमाराला झड उतरवायची आणि भिंतीला ऊन दाखवायचं. बाळंतिणीला शेक देतात तसं. आमच्या आळीत झड कधी सोडायची हे आक्का सांगायची. तापलेल्या पोराच्या कपाळाला लावतात तसा पालथा हात ती प्रत्येक घराच्या भिंतीला लावत जायची. "अजून गार हाय." "अजून आठ दिस." "सोडा आता, हिला ऊन पायजे." वर्षानुवर्षं हे चाललं. मग एकेकानं विटा-सिमेंटची घरं बांधली. गवत कापायला माणसं मिळेनात. शेवटी झड बांधणारं घर एकट्या आक्काचं उरलं, आणि पेंढ्या चढवायला शिडीवर जायचे तिचे गुडघे राहिले नाहीत. कुणाला हाक मारणं तिच्या स्वभावात नव्हतं. जगासाठी भांडायची, स्वतःसाठी तांब्याभर पाणी मागायची नाही.

तिचा मुलगा विलास मंचरला कांद्याच्या आडतीवर होता. दिवसभर गोण्या, ट्रकचे हॉर्न आणि मालकाच्या शिव्या. विलास वाईट माणूस नाही, हे मला लिहायलाच हवं, कारण त्या दिवसांत मी त्याला बरंच वाईट बोलले. त्यानं नोकरी सोडली आणि घराच्या दोन खोल्या घाटात येणाऱ्या पर्यटकांसाठी करायच्या ठरवल्या. पावसाळा हाच त्याचा हंगाम. मोबाइलवर त्यानं आक्काला फोटो दाखवले: धुक्यातली लाकडी घरं, मधाच्या रंगाच्या फळ्या. "आई, लोकांना हे पायजे. मातीची भित कोण बघतं?"

मंचरहून एक माणूस नमुन्यांची पेटी घेऊन आला. त्याचं नाव कुणी लक्षात ठेवलं नाही, सगळे त्याला क्लॅडिंगवालाच म्हणायचे. त्यानं बाहेरच्या बाजूनं लाकडी सांगाडा ठोकायचा, त्यात थर्माकोलचे जाड तक्ते बसवायचे, वरून फळ्या मारायच्या आणि फटी सिलिकॉननं बुजवायच्या असं समजावलं. थंडी बाहेर, ऊब आत. झडीची कटकट कायमची संपली.

आक्कानं तक्ता हातात घेऊन पाहिला. "लई हलकं हाय. टीव्हीच्या खोक्यातलं का रं?"

"तेच, पण भारीतलं. थेंब आत जाणार नाही आक्का."

"आन आतला भाईर?"

"आतला कुठला?"

"भितीतला."

तो हसला. "आक्का, भिंतीला काय घाम येतो का?"

"तुला न्हाई येत," आक्का म्हणाली, "भितीला येतो."

तरी तिनं शेवटी हो म्हटलं. भाद्रपद सरत आला होता. पाऊस नुकता ओसरला होता आणि त्या वर्षीची अर्धीमुर्धी बांधलेली झड नुकती काढली होती. भिंत ओली होती. आक्का म्हणाली, दसरा होऊ दे, तिला ऊन खाऊ दे. विलास म्हणाला, दिवाळीची गिऱ्हाइकं ठरलीत, फोटो टाकायचेत, काम आजच सुरू करायला हवं. मी ओट्यावर होते. त्यानं आईकडं पाहिलं. लहानपणी जत्रेत खेळणं मागताना पाहायचा तसं. "आई, मी पयल्यांदा काहीतरी स्वतःचं उभं करतोय."

आक्कानं पालथा हात भिंतीला लावला. बराच वेळ लावून ठेवला. मग हात पदराला पुसून म्हणाली, "बरं. कर."

एवढंच. माझ्या डोळ्यांसमोर त्या भिंतीवर पांढरा तक्ता चढला, त्यावर फळी चढली आणि ओल आत राहिली.

पहिला हिवाळा छान गेला, हे मान्य करायला हवं. घर उबदार होतं. फळ्या उन्हात चमकायच्या. पाहुणे त्यांच्यासमोर उभे राहून फोटो काढायचे. विलासची बायको सुरेखा त्यांना पिठलं-भाकरी वाढायची आणि विलास प्रत्येकाला फळीवर टिचकी मारून दाखवायचा. आक्का आतल्या बाजूनं, कागदांच्या भिंतीला पाठ लावून बसलेली असायची. एकदा मी विचारलं, "मग आक्का, बरं केलं ना?" ती म्हणाली, "ऊब हाय. तापातबी अंग गरमच असतं."

वास आधी आला. ओल्या गोणपाटाचा. सुरेखानं धूप जाळला, मग फवारा आणला. पाहुण्यांना तो "मातीचा सुगंध" वाटला. एकानं तसं कौतुकानं लिहिलंही. मग आवाज. फळ्यांमागं कुणीतरी नखानं कागद खरवडतंय असा, ऐन दुपारीसुद्धा. विलास म्हणाला उंदीर. आक्का म्हणाली, "उंदीर थांबून थांबून खातो. ह्ये थांबत न्हाई. वाळवी हाय." उन्हाळ्यात फळ्यांच्या तळाशी भिंतीच्या मातीची बारीक तांबडी भुकटी साचू लागली, जात्याखाली पीठ पडतं तशी. आक्का रोज सकाळी ती झाडून सुपात भरायची आणि परसात नेऊन टाकायची. सूप दर आठवड्याला जड होत गेलं.

आणि आतून कागद बोलू लागले. ओलीचा पिवळा डाग जोत्यापासून निघाला आणि माझ्या बालपणाच्या ओळी एकेक करून गिळत वर चढला. शाई पसरली, खळ सुटली, कागदाचे पापुद्रे फुगले. वळवाचा पाऊस येण्याआधीच डाग माझ्या खांद्याएवढ्या उंचीवर पोचला होता. मी बोट लावलं, तर निषेधाचा अख्खा ठराव मातीसकट हातात आला. मागं भिंत नव्हती, चिखल होता.

मी घरून पहार आणली. "विलासदादा, फळ्या काढ. आत्ताच्या आत्ता."

"बुकिंग फुल्ल हायेत. गणपती झाले की काढतो. आईची आण."

"गणपतीपर्यंत पाऊस थांबणार आहे का?"

"तू पत्रकं लिही," तो म्हणाला. "तुला काय, लिहून पुण्याला जायचंय. मला हितं ऱ्हायचंय."

मी फळीच्या फटीत पहार घातली. आक्कानं माझं मनगट धरलं. तिच्या हाताला इतका जोर असेल असं मला वाटलं नव्हतं. "न्हाई. त्याचं घर हाय. त्यानं गणपती म्हणलंय, तवा गणपती. मीबी हो म्हणले व्हते."

"आक्का, तुला भिंतीची दशा कळतेय ना?"

"तुज्या आधी कळलीय."

त्याच दुपारी तिनं घराची मांडणी बदलली. पाहुण्यांची खोली पूर्वेला. विलास, सुरेखा आणि त्यांची छोटी मुलगी मधल्या घरात. पश्चिमेच्या खोलीत कुणी पाऊल ठेवायचं नाही असा दंडक. मग तिनं स्वतःचा पाट, परडी, पानाचा डबा, सगळं त्या खोलीत आणलं आणि भिंतीला पाठ लावून बसली. विलासनं हात जोडले. ओढायला गेला. ती म्हणाली, "तू फळ्या काढशील त्या दिशी उठते." तो म्हणाला, गणपती झाले की नक्की. ती म्हणाली, "मंग तवर बसते." दोघंही हट्टी, आणि दोघांनाही वाटत होतं की समोरचा आधी हलेल.

मी भांडले. "आक्का, तो नियम ठेकेदाराला होता! लुटणाऱ्याला होता!"

"नेम मानूस बघून लावत्यात व्हय?" ती म्हणाली. "मंग त्यो नेम कसला, त्यो सूड झाला. ज्यानं बांधलं त्यानं आधी खाली बसायचं. बांधताना हो कुणी म्हणलं?"

मी पहार फळ्यांपाशीच टाकून घरी गेले. आज मी म्हणेन की नियम जीव वाचवायला असतात, जीव देऊन सिद्ध करायला नसतात. मी म्हणेन की ओली भिंत झाकून तिला सौंदर्य म्हणून विकणारा तो माणूस आजही पेटी घेऊन गावोगाव फिरतो आहे, त्याला कुणी खाली बसवलं नाही, आणि बसली ती एकटी आक्का. घाटाखालच्या वस्त्यांवर मी ह्या दसऱ्याला दारोदार हेच सांगत हिंडले: भिंत कोरडी झाल्याशिवाय काही ठोकू नका, आणि ठोकलं असेल तर उघडा. काहींनी उघडल्या. त्यांच्या फळ्यांमागून जो कुजका चिखल निघाला तो बघून बायकांनी पदर नाकाला लावला.

भिंत पडली ती सकाळी, पाहुण्यांचा चहा चालू असताना. पूर्वेच्या ओट्यावर फक्त एक जड उसासा ऐकू आला, सुरेखा सांगते. भांडंसुद्धा वाजलं नाही. भिंत सगळी आत आली. छप्पर खांबांवर होतं, ते राहिलं. फळ्या जोत्याला आणि वाशांना ठोकलेल्या, त्याही राहिल्या. म्हणून रस्त्यावरून जाणाऱ्यांना काहीच दिसलं नाही. मधाच्या रंगाचं देखणं घर, पावसात न्हालेलं. कुणीतरी नेहमीसारखा राम राम घालून पुढं गेला म्हणतात. नंतर विलासनंच नखं फुटेपर्यंत त्या फळ्या उपसल्या. पहार माझीच होती, तिथंच पडलेली. ती घ्यायचंही त्याला सुचलं नाही.

मी तेव्हा पुण्यात होते. मी तिला शेवटचं पाहिलं ते आषाढात, एसटी धरायला निघताना.

धुकं दारापर्यंत आलं होतं. फळ्यांच्या तळातून तांबडा ओघळ बाहेर येऊन अंगणातल्या पाण्यात मिसळत होता. आत आक्का नेहमीसारखी, पाठ टेकून, गुडघे पोटाशी, पायांपुढं सूप, सुपात तांदूळ. तिच्या डोक्यामागं डाग वरपर्यंत गेला होता. आढ्याजवळची मोठी ओळ तेवढी कोरडी होती. तिनं मान वर केली, मला पाहिलं आणि हसली. बोटं तांदळातून फिरतच राहिली.

मी चपला काढल्या. उंबरा ओलांडून, लहानपणापासून जायची तशी, तिच्या शेजारी टेकायला निघाले.

तिचा हात जमिनीकडं गेला, थोपटायला. मधेच थांबला. मग तो तळहात तिनं माझ्याकडं उभा धरला.

"न्हाई बाय," ती म्हणाली. "तू तिथनंच बोल."